फुलांची दुसरी फेरी

दुपारी अडीचच्या सुमारास माळवंडीच्या धावपट्टीपासून थोड्याच अंतरावर, ज्वारीच्या रानात, एक लहान विमान कोसळलं. आतले तिघेही जागीच गेले. दिवस दसऱ्याचा होता.

बातमी मीच घेतली. सणामुळे कचेरीत अर्धेच लोक होते. छपाईयंत्रापासून फोनपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार घातलेले. रिसीव्हर उचलताना हार बाजूला करावा लागला. पलीकडे आमचा नांदगिरीचा वार्ताहर दत्ता कुंभोजकर होता. त्याला धाप लागली होती.

"लिहून घ्या. भाड्यानं आणलेलं विमान होतं. फुलं टाकायला."

"कुणावर?"

"शोरूमचं उद्घाटन होतं. तिघं गेले."

"नावं सांग."

"पायलट कॅप्टन निनाद टिपणीस, पुण्याचा. दुसरा रजाक मुलाणी, शोरूमचा फिटर."

"तिसरा?"

मागं कुणाच्या तरी ओरडण्याचा आवाज येत होता.

"साहेब, फोन दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"कोणी नाहीये इथं. तिसरा कोण, सांग."

"विश्वास खर्डेकर," तो म्हणाला. "तुमचे दाजी."

मी ते नाव लिहिलं. हात सवयीनं चालला. खर्डेकर ट्रॅक्टर्सचे मालक असं पुढं जोडलं, मजकूर सहकाऱ्याच्या टेबलावर ठेवला आणि नांदगिरीची एसटी पकडायला निघालो. या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली.

ताईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, हेमलतानं, त्या दुपारबद्दल मला एकदाच सलग सांगितलं.

नवं शोरूम बांधून झालं होतं. रिबीन सगळेच कापतात, आपण आभाळातून फुलं टाकू, अशी दाजींची हौस. नभोमार्ग एव्हिएशन नावाची कंपनी माळवंडीच्या धावपट्टीवरून लहान विमानं पायलटसकट भाड्यानं द्यायची. दाजी पुढं बसणार होते. मागं बसून टोपल्या रिकाम्या करायला रजाक. तो शोरूममधला सर्वांत जुना माणूस. "मालक, आयुष्यभर गाडीखाली झोपलोय, एकदा गाडीच्या वर न्या," असं म्हणून त्यानं हट्टच धरला होता.

"विजय मुहूर्त गाठला त्यांनी," ताई म्हणाली. "बरोबर डोक्यावर आले. फुलं पडली. लोकांनी हात जोडले, पोरं पाकळ्या गोळा करत सुटली. दुसरी फेरी घेतो असं सांगून गेले होते. विमान वळलं, लिंबाच्या झाडांमागं गेलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग किती तरी वेळ आम्ही सगळे वरच बघत उभे होतो."

त्यानंतर तिनं विचारलं, "मुकुंद, असं कुणाच्या चुकीनं होतं रे?"

हा प्रश्न तिनं सोडला नाही. तिला भेटायला येणारे दैव म्हणायचे, दृष्ट म्हणायचे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "नाही. कुणाची तरी चूक असणार. मला नाव हवंय."

कंपनीचं उत्तर वकिलामार्फत आलं. विमान भाड्यानं घेताना विश्वास खर्डेकर यांनी सही केलेल्या कागदात 'उड्डाण आमच्या जबाबदारीवर' असं वाक्य होतं. सबब कंपनी देणं लागत नाही. त्याच आठवड्यात कंपनीचे व्यवस्थापक शेवडे मुलाणीच्या घरी जाऊन आले. रजाकची बायको जैबुन, दोन लहान पोरी आणि आंधळी सासू. शेवड्यांनी चहा घेतला, हळहळले आणि थोडी मदत देऊ केली. बदल्यात तक्रार नाही अशी सही.

जैबुन कागदाची घडी न मोडता तो तसाच ताईकडं घेऊन आली.

"वैनी, सही करू का?"

"करू नको," ताई म्हणाली. "दावा मी लावणारच आहे. तुझं नाव माझ्याबरोबर घालू. मी आहे."

जैबुननं तो कागद ताईच्या हातात दिला. शेवडे परत आले तेव्हा तिनं दार उघडलं नाही.

ॲडव्होकेट उमराणींचं ऑफिस कोर्टासमोरच्या माडीवर होतं. पहिल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. उमराणी पान खाणारे, सावकाश बोलणारे.

"हा सहीचा कागद विसरा," ते म्हणाले. "गाडी भाड्यानं घेऊन तुम्ही स्वतः चालवलीत तर जबाबदारी तुमची. इथं विमान त्यांचं, पायलट त्यांचा, देखभाल त्यांची. खर्डेकरसाहेब आणि रजाक नुसते प्रवासी."

"मग पडलं कशानं?" ताईनं विचारलं.

उमराणींनी सरकारी चौकशीचा अहवाल पुढं ओढला. "विमानाला वेग दाखवणारा काटा असतो. बाहेर एक नळी असते, तिच्यातून वारा आत जातो, त्यावर तो काटा चालतो. ती नळी बुजलेली होती. काटा चुकला. फुलं टाकायला विमान हळू आणि खाली आणलेलं, त्यात वळण घेतलं. वेग गेला की ते दगडासारखं पडतं. पंख तुटून लांब पडला म्हणून नळी जळाली नाही, शाबूत मिळाली. आत माती आणि वनस्पतीचे तंतू."

"म्हणजे काय?"

"कुंभारमाशी. भोक दिसलं की घर करते. विमान उभं असताना नळीवर टोपी घालून ठेवायची असते. घातली नसणार."

जैबुन इतका वेळ दाराशी उभी होती. ती म्हणाली, "माशीनं मारली होय माणसं?"

"माशीनं नाही, बाई. टोपी न घालणाऱ्यानं."

"बास," ताई म्हणाली. "एवढंच कोर्टानं म्हणू दे."

कंपनीनं लेखी उत्तरात तिन्ही बाजूंनी हात झटकले. नळीतली माती रानात पडल्यावर शिरली असेल. खर्डेकरांच्या माणसांनी विमानाभोवती गर्दी केली होती. आणि शेवटी, काटा हलत नसताना वैमानिकानं उड्डाण केलं असेल तर ती त्याची वैयक्तिक चूक. हे शेवटचं वाक्य वाचून पुण्याहून एक गृहस्थ तारखांना यायला लागले. पायलटचे वडील, टिपणीस. शाळेतून निवृत्त झालेले. मागच्या बाकावर बसायचे, मांडीवर पिशवी ठेवून. कुणाशी बोलायचे नाहीत. पुकारा झाला की उठून उभे राहायचे, जणू त्यांचंच नाव घेतलंय.

अशी तीन वर्षं गेली. मग ताईची उलटतपासणी लागली.

आदल्या दिवशी उमराणींनी तिला समजावलं. "विचारतील तेवढंच सांगा. घाबरू नका, तुमच्याकडून निघण्यासारखं काही नाहीच."

कोर्टात उकाडा होता. जैबुन ताईच्या सांगण्यावरून पहिल्या बाकावर बसली होती, मी तिच्या मागं. कंपनीच्या वकील सोहोनीबाई मऊ आवाजाच्या. त्यांना फक्त गर्दीचा मुद्दा पक्का करायचा होता, हे त्यांच्या पहिल्या प्रश्नावरूनच कळलं.

"खर्डेकरबाई, त्या दिवशी सकाळी तुम्ही धावपट्टीवर गेला होतात?"

"हो. पूजेला."

"कसली पूजा?"

"विमानाची. दसरा होता ना. ट्रॅक्टरची करतो तशीच."

"विमानाजवळ जायला कंपनीची मनाई होती, माहीत होतं?"

"मनाई कसली? शेवडेसाहेबांनीच नारळ आणून ठेवला होता. हिरवा निघाला, फुटता फुटेना."

मागं कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं. शेवडे आपल्या बुटांकडं बघत राहिले.

"किती लोक होते?"

"घरचेच. आम्ही दोघं, रजाक, शोरूमची चार माणसं."

"आणि सगळ्यांनी विमानाला हात लावले?"

"पूजा मी केली. हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं, हार घातला."

"कुठं?"

"पुढच्या पंख्याला घालत होते. तो पायलट मुलगा म्हणाला, 'काकू, पंख्याला नको हं.' मग बाजूला अडकवला."

"बाजूला म्हणजे?"

"पंखाखाली खुंटी होती, तिला."

सोहोनीबाईंनी पुढच्या प्रश्नाकडं पाहिलं, वाचायला तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या. उमराणींनी हातातलं पेन खाली ठेवलं. मी अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तो तुटलेला पंख पाहिला होता. त्याच्या खाली काय बसवलेलं होतं ते मला माहीत होतं. कोर्टात बसलेल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. तीन वर्षांत ते ताईला दाखवावं असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं. तिच्या दृष्टीनं नळी म्हणजे इंजिनात कुठंतरी आत असणारी वस्तू होती.

"कसली खुंटी?" न्यायाधीशांनी विचारलं.

ताईनं बोट वाकवून दाखवलं. "अशी खाली येऊन पुढं वळलेली. एवढीशी. हार अडकवायलाच केल्यासारखी."

सोहोनीबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला नळी दाखवण्याची परवानगी असावी."

कारकुनानं कपाटातून लाखेचं पाकीट आणलं, सील तपासून फोडलं आणि आतली वस्तू टेबलावर ठेवली. ताई पुढं वाकली. ओळखीचं काही दिसल्यावर माणूस बघतो तसं तिनं बघितलं.

"हीच," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "ही कशाची आहे?"

वरचा पंखा कुरकुरत होता.

"ही कशाची आहे?" तिनं उमराणींना विचारलं. त्यांनी मान फिरवली. तेव्हा न्यायाधीशच खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, हीच ती नळी."

ताईनं कठड्यावर दोन्ही हात ठेवले. ती रडली नाही, खाली बसली नाही. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू निघून गेलं, एवढंच मला आठवतं.

"हार नंतर कुणी काढला?" सोहोनीबाईंचाही आवाज बदलला होता.

"माहीत नाही. आम्ही निघालो तेव्हा तिथंच होता."

"कशानं ओवलेला होता?"

"दोऱ्यानं. झेंडूचा."

अहवालातले 'वनस्पतीचे तंतू' मला तेव्हा आठवले.

उमराणी उठले. फेरतपासणीचा हक्क त्यांचा होता आणि त्यांना एकच रस्ता दिसत होता. मलाही तोच दिसत होता. पायलट कंपनीचा नोकर. त्यानंच खुंटी दाखवली असेल तर हार ताईचा असला तरी चूक कंपनीची. पायलट गेलेला, त्या वेळी आसपास असलेले दाजी आणि रजाक गेलेले. शोरूमची माणसं ताईचीच, आणि शेवडे बोलले असते तर पूजा आपल्यासमोर झाली हे त्यांना कबूल करावं लागलं असतं. ताई जे सांगेल ते खोडणारं कुणी नव्हतं.

"पायलट म्हणाला, पंख्याला नको," उमराणी म्हणाले. "मग हार कुठं अडकवायचा हे त्यानंच दाखवलं ना?"

"हरकत आहे," सोहोनीबाई म्हणाल्या.

"प्रश्न बदला," न्यायाधीश म्हणाले.

"ती खुंटी तुम्हाला कुणी दाखवली?"

मागच्या बाकावर टिपणीसांनी पिशवी छातीशी धरली होती. ताईनं एकदा तिकडं पाहिलं. जैबुन तिच्यापासून चार हातांवर, पदर तोंडाशी घेऊन बसली होती.

"कुणी नाही," ताई म्हणाली. "मला दिसली."

"नीट आठवून सांगा. तीन वर्षं झालीत. आठवत नसेल तर आठवत नाही असंही सांगता येतं."

"आठवतंय," ताई म्हणाली. "त्याची पाठ होती माझ्याकडं. तो यांना पट्टा कसा बांधायचा ते सांगत होता."

उमराणी खाली बसले.

बाहेर व्हरांड्यात दगडी बाकावर ताईला बसवलं. टिपणीस आमच्यासमोरून गेले, दोन पावलं पुढं जाऊन थांबले, परत आले. त्यांनी ताईला नमस्कार केला आणि जिना उतरून गेले.

जैबुन खांबाला टेकून उभी होती.

"वैनी, एक इचारू?"

"विचार."

"त्या पोरानं दाखवली म्हटलं असतं तर?"

"तर तुझं काम झालं असतं," ताई म्हणाली. "बहुतेक माझंही."

"मग का न्हाई म्हटलं?"

"खोटं झालं असतं. आणि त्याचा बाप तिथं बसला होता, जैबुन."

जैबुननं मान हलवली. कळलं अशी. मग ती म्हणाली, "आनि मी कुठं बसले होते, वैनी?"

ताईनं वळून कोर्टाच्या दाराकडं पाहिलं.

"तुमी म्हनला सही करू नको, मी केली न्हाई. तुमी म्हनला मी आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "मी पोरींना काय सांगू? कंपनीनं मारला का मालकिणीनं?"

"जैबुन, त्यांना माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"मला ठावं हाय ते, भाऊ. ठावं असतं तर बोलाय सोपं गेलं असतं."

येताना ती आमच्या गाडीतून आली होती. जाताना एसटीनं गेली.

दोन महिन्यांनी जैबुननं दुसरा वकील केला आणि आपला दावा वेगळा काढला. त्यात प्रतिवादी क्रमांक एक नभोमार्ग एव्हिएशन, प्रतिवादी क्रमांक दोन हेमलता विश्वास खर्डेकर. समन्स घेऊन बेलिफ आला तेव्हा मी तिथंच होतो. ताईनं चष्मा लावून आपलं नाव वाचलं आणि सही केली.

"उत्तर द्यावं लागेल," मी म्हणालो. "पायलटनं उडण्याआधी नळी बघायला हवी होती. काटा हलत नाही म्हटल्यावर उतरायला हवं होतं. तुझ्यावर सगळं येत नाही."

"ते कंपनीला सांगू दे. मी काही देणार नाही उत्तर."

"अगं, मग कोर्ट एकतर्फी निकाल देईल."

"मुकुंद," ती म्हणाली, "नाव हवंय, नाव हवंय असं मीच म्हणत होते ना?"

निकाल लागला. न्यायालयानं कंपनी आणि ताई दोघांनाही जबाबदार धरलं, कंपनीला जास्त, तिला कमी. तिच्या स्वतःच्या दाव्यातून तिचा वाटा वजा झाला. तिनं शोरूम विकून जैबुनच्या दाव्यातला आपला भाग कोर्टात भरला. कंपनी अपिलात गेली. आपला भाग कंपनीनं अजून भरलेला नाही.

पुढच्या दसऱ्याच्या आधी आमच्या छायाचित्र विभागानं पुरवणीसाठी जुने फोटो काढले. निवडायला ढीग माझ्याकडं आला. त्यात अपघाताच्या तीन वर्षं आधीचा एक फोटो होता: 'खंडेनवमीनिमित्त माळवंडी धावपट्टीवर विमानाची पूजा'. आमच्याच अंकात छापून आलेला. नाकावर कुंकवाची पाच बोटं, चाकाशी नारळ, शेजारी हात जोडून हसणारे शेवडे. त्यांच्या खांद्यावरून दिसणारा डावा पंख आणि त्याच्या खालच्या नळीला अडकवलेला झेंडूचा हार.

खोलीत कुणी नव्हतं. मी फोटो पालथा केला, परत सुलटा केला. हार तिथंच होता.

दोन प्रती काढल्या. एक उमराणींना दिली. दुसरी घेऊन ताई स्वतः मुलाण्यांच्या घरी गेली. मी बाहेर गाडीत होतो. जैबुन उंबऱ्यात आली. तिनं फोटो उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिला.

"ह्यो शेवडे?"

"हो."

"ही खुंटी?"

"हो."

"म्हंजे ह्येंचीच रीत होती ही."

"ते कोर्ट ठरवेल," ताई म्हणाली.

जैबुननं फोटो पदराखाली घेतला. आत या म्हणाली नाही. दारही लावलं नाही. ताई गाडीत येऊन बसेपर्यंत ती तिथंच उभी होती.

फोटो अपिलात दाखल झाला. ज्या छायाचित्रकारानं तो काढला तो हयात नाही. निगेटिव्ह आमच्या कचेरीच्या स्थलांतरात कुठं गेली ते सापडत नाही. विमानाचा क्रमांक पंखाच्या सावलीत आहे, वाचता येत नाही. कंपनीचं म्हणणं, ते विमान वेगळं असू शकतं.

शेवडे आता निवृत्त आहेत. त्यांनी गेल्या वर्षी प्रतिज्ञापत्र दिलं. फोटोतला माणूस आपणच असल्याचं त्यांना मान्य आहे. हार कुणी अडकवला, ते त्यांना आठवत नाही.

अपील प्रलंबित आहे. पुढची तारीख अजून लागलेली नाही.